सोल पुन्हा पुन्हा का सुटतो? गोव्याच्या दमट हवेत लांब चालीचे बूट

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. तीन-चार वर्षांपूर्वी घेतलेले, मोजक्याच वेळा घातलेले, चांगले महागाचे बूट. पावसाळाभर कपाटात होते. चतुर्थी झाली, पाऊस ओसरला, बाहेर काढले तर वरून अगदी नवे. आणि वाघेरीच्या चढावर तासाभरात एका बुटाचा सोल टाचेकडून उघडला, परतीच्या वाटेवर दुसऱ्याचा. मोच्याने चिकटवून दिला, दोन फेऱ्यांत पुन्हा सुटला. नवा जोड घेतला, काही वर्षांनी त्याचंही तेच झालं.

यात चालणाऱ्याचा दोष क्वचितच असतो. गोव्यात लांब चालीचे बरेच बूट झिजण्याआधी ओलाव्याने जातात आणि त्यातलं बरंचसं नुकसान घरातच, कपाटाच्या बंद दाराआड होतं. त्यामुळे इथे बूट घेताना मजबुतीच्याही आधी विचारायला हवं: हा ओलावा किती सोसेल आणि किती लवकर वाळेल? सह्याद्रीच्या कोरड्या बाजूला किंवा हिमालयात चालणाऱ्यांचा सल्ला जसाच्या तसा इथे लावला की पैसे वाया जातात.

आधी बघा, नेमकं काय सुटलंय

नवा बूट घ्यायचा की जुना दुरुस्त करायचा, हे सुटलेल्या जागेकडे पाहिल्याशिवाय ठरत नाही. बूट दिवसाच्या उजेडात धरा, सोल हलकेच ताणा आणि दोन्ही पृष्ठभाग बघा.

दोन्ही बाजू गुळगुळीत दिसल्या, एका बाजूला गोंदाचा पिवळसर, चकचकीत पापुद्रा राहिला असेल आणि आतला फोम शाबूत असेल, तर फक्त गोंदाने दगा दिलाय. हा बूट वाचतो. अशा बुटांचं कारण बहुधा उष्णता असते. बुटांचा गोंद कारखान्यात उष्णता देऊनच सक्रिय करतात, त्यामुळे उष्णतेनेच तो मऊही पडतो. एप्रिल-मे महिन्यांत गाडीच्या डिकीत ठेवलेला किंवा गच्चीवर तापत्या लादीवर वाळत घातलेला जोड असा उघडतो.

दोन्ही बाजूंना फोमचे कण चिकटलेले असतील, नखाने दाबल्यावर भुगा पडत असेल किंवा बोटाला चिकट लागत असेल, तर मिडसोलच, म्हणजे वरचा बूट आणि खालचं रबर यांच्यामधला फोमचा थरच, मेलेला आहे. बूट वाकवून मिडसोलची कड पाहिली तर बारीक उभ्या भेगाही दिसतील. या बुटाला कुठलाही गोंद चालत नाही. गोंद फोमच्या वरच्या थराला घट्ट धरतो, पण तो थरच खालच्या थरापासून निखळतो. मोच्याचं काम दोन फेऱ्यांत फुकट गेलं ते यामुळे. त्याच्या हातात काही कमी नव्हतं.

तिसरा प्रकार सोलचा नाहीच. करंगळीच्या बाजूला, जिथे बूट पाऊल टाकताना दुमडतो, तिथे जाळी फाटते आणि रबराची कड उचलली जाते. लोक यालाही "सोल सुटला" म्हणतात. कारण वेगळं आहे: जांभ्याची तांबडी माती आणि बारीक खडी जाळीच्या विणीत बसते आणि प्रत्येक पावलाला आतून धागा कापते. चालून आल्यावर बूट न धुता ठेवले की हे पुढच्या फेरीतही चालूच राहतं.

न वापरलेला बूट कसा काय खराब होतो

जुन्या धर्तीच्या उंच, जड ट्रेकिंग बुटांचा आणि बऱ्याच सेफ्टी शूजचा मिडसोल पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असतो. पीयू टिकाऊ, वजन सोसणारा, सहजी न दबणारा. म्हणूनच तो जड बुटांत घालतात. पण त्यातला जो पॉलिएस्टर जातीचा पीयू आहे, त्याच्या साखळ्या पाण्याच्या वाफेने तुटत जातात. या क्रियेला हायड्रोलिसिस म्हणतात. पाण्यात भिजायचीही गरज नाही, हवेतला ओलावा पुरतो. उष्णतेने वेग वाढतो. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते पुढची तोडफोड आणखी जलद करतं. म्हणून असा बूट बरीच वर्षं ठणठणीत दिसतो आणि मग एका दुपारी दोन्ही सोल जातात. दोघांचं वय एकच असतं. एक सुटला की दुसराही त्याच दिवशी सुटणार असं धरून चाला.

आता गोव्याचं गणित बघा. जून ते सप्टेंबर पाऊस, वर्षाची सरासरी सुमारे 3,000 मिलिमीटर, घाटाकडे सत्तरी-सांग्यात त्याहूनही जास्त. हवा गरम आणि दमट दोन्ही. चामड्याच्या पट्ट्यावर आठवड्यात बुरशी येते त्याच कपाटात बूट चार महिने पडून असतात, तेही पुष्कळदा दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत, आत ओलावा कोंडून. थंड, कोरड्या प्रदेशात दहा वर्षं टिकणारा मिडसोल इथे त्याच्या निम्म्या काळात गेला तर नवल नाही.

आणखी एक मुद्दा, जो दुकानात कुणी सांगत नाही: हे घड्याळ तुम्ही बूट घेतल्यापासून सुरू होत नाही, बूट बनल्यापासून होतं. सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळणारा जड बूट कुठल्यातरी गोदामात तीन पावसाळे काढून आलेला असू शकतो. खोक्यावरच्या लेबलवर उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ते वाचा. पीयूचा बूट एक वर्षाहून जुना असेल तर सवलत कितीही असो, गोव्यात राहणाऱ्याने तो घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग घ्यायचं काय

मिडसोल ईव्हीएचा घ्या. हा हलका, स्पंजासारखा फोम बहुतेक ट्रेल रनिंग आणि हलक्या हायकिंग बुटांत असतो. त्याला हायड्रोलिसिसचा त्रास नाही. त्याची उणीव वेगळी: तो दबतो. साधारण 500 ते 800 किलोमीटरमध्ये उसळी जाते, जड माणसाची किंवा जड पाठपिशवीची त्याआधीच. पण हे झिजणं चालून होतं, कपाटात ठेवून नाही, आणि पायाला आधी जाणवतं. डोंगरात अचानक फसवत नाही. दुकानात ओळखायचं असेल तर बाजूने अंगठा दाबा. ईव्हीए दबतो आणि लगेच वर येतो, बूट हातात हलका लागतो. पीयू जास्त घट्ट आणि जड असतो. लेबलवर नुसतं "सिंथेटिक" लिहिलं असेल आणि दुकानदारालाही सांगता येत नसेल, तर वजनावरून अंदाज घ्या. एका बुटाचं वजन 250 ते 400 ग्रॅमच्या आसपास असेल तर तो बहुधा ईव्हीए. 600 ग्रॅमच्या वर गेला की चौकशी करा.

वॉटरप्रूफ पडदा, म्हणजे गोर-टेक्स आणि तत्सम, गोव्यासाठी घेऊ नका. सगळ्यात जास्त वाद याच मुद्द्यावर होतो, म्हणून सविस्तर लिहितो. पडदा बाहेरून येणारं पाणी अडवतो, पण बुटाचं तोंड उघडंच असतं. नेत्रावळीत किंवा सुर्लच्या बाजूला पावसाळ्यात वाट दर अर्ध्या तासाला व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडते आणि पाणी घोट्याच्या वर, कधी गुडघ्यापर्यंत असतं. ते वरून आत शिरतं आणि मग पडदा त्याला बाहेर जाऊ देत नाही. व्हाळ नसला तरी पावसाचं पाणी पायावरून ओघळत मोज्यातून आत उतरतंच. शिवाय पडदा घामाची वाफ बाहेर टाकतो ती आत-बाहेर ओलाव्याचा फरक असेल तर. बाहेरची हवाच दमट असली की तेही काम मंदावतं. पाय दिवसभर उबदार पाण्यात राहतो, कातडी पांढरी आणि मऊ पडते, आणि फोड तिथेच येतात. घरी आल्यावर असा बूट वाळायला पावसाळ्यात दोन-तीन दिवस लागतात. साध्या जाळीचा बूट व्हाळातून बाहेर आल्यावर पंधरा-वीस मिनिटांच्या चालीत बरंचसं पाणी फेकून देतो आणि पंख्याखाली एका रात्रीत वाळतो. पडद्याचा बूट बर्फासाठी आणि थंड, ओल्या गवतासाठी उत्तम आहे. हिमालयात जायचं असेल तर तो वेगळा जोड ठेवा.

जाळी मात्र कुठलीही नको. रस्त्यावर धावायच्या बुटाची मोठ्या भोकांची मऊ जाळी जांभ्यावर एका मोसमात जाते. घट्ट विणीची जाळी हवी, पुढे बोटांवर रबराची टोपी हवी, आणि करंगळीच्या बाजूच्या दुमडीवर वरून चिकटवलेली किंवा शिवलेली पट्टी असेल तर फारच छान. आत अस्तराखाली जाड फोम भरलेला असेल तर तो पाणी धरतो. जिभेला आणि घोट्याच्या गादीला चिमटीत धरून बघा. जितकं पातळ तितकं लवकर वाळणार.

चामडं, मग ते पूर्ण असो की स्वेड, इथे सांभाळायला कष्ट पडतात. बुरशी येते, वाळल्यावर कडक होतं. ज्यांना दर पंधरवड्याला मेण लावायची सवय आहे त्यांनीच घ्यावं.

आउटसोलसाठी, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या रबरी तळासाठी, गोव्यात दोन वेगळे मोसम धरावे लागतात. नोव्हेंबर ते मे कातळ कोरडा असतो आणि त्यावर जांभ्याचे सुटे, गोलसर खडे पसरलेले असतात. उतारावर पाय सरकतो तो यांच्यावरून. इथे 4 ते 5 मिलिमीटरचे, एकमेकांपासून सुटे असलेले दात बरे. टाचेकडचे दात उलट्या दिशेने असावेत म्हणजे उतरताना अडवतात. पावसात चिकणमाती दातांमध्ये भरते. दात दाटीवाटीने असतील तर माती पडत नाही आणि सोल सपाट होतो. रबर मऊ हवं: नख दाबल्यावर ठसा उमटून हळूहळू जायला हवा. मऊ रबर ओल्या दगडावर धरतं, पण जांभ्यावर लवकर झिजतं. हा सौदा मान्य करूनच घ्यायचा. कडक रबर दोन वर्षं जास्त टिकेल, पण ओल्या चिऱ्यावर एकदाच पडायला पुरेसं असतं.

आणि शेवाळ. पावसाळ्यात सड्यावरचा कातळ आणि कुळागरांमधल्या चिऱ्यांच्या पायऱ्या हिरव्या-काळ्या शेवाळाने झाकल्या जातात. त्यावर कुठलंही रबर धरत नाही, कंपनीने काहीही लिहिलेलं असो. शेवाळ दगडाला चिकटलेलं नसतं, बूट शेवाळाला धरतो आणि शेवाळ दगडावरून सुटतं. तिथे बूट बदलून उपयोग नाही. पाऊल छोटं टाका, सपाट टाका, गवत किंवा खडबडीत कड शोधा, काठी घ्या.

उंच बूट की बुटका? पाठीवर दहा किलोपर्यंत ओझं असेल तर बुटकाच. उंच बूट जास्त पाणी धरतो, वाळायला वेळ घेतो आणि उष्णतेत घोट्याला घामोळं आणतो. सापांच्या भीतीने उंच बूट घेणारे बरेच आहेत. त्यांनी हे लक्षात ठेवावं की चोर्ल्याच्या जंगलातला मलबारी चापडा झुडपावर आणि फांदीवरही बसतो. पाय जपताना हात कुठे टेकतोय तेही बघायला हवं.

माप: इथेच निम्मे पाय बिघडतात

आपल्याकडे वर्षभर चपला घातल्या जातात. त्यामुळे पायाचा पंजा पुढे मोकळा, पसरलेला असतो आणि टाच त्या मानाने अरुंद. निमुळत्या टोकाचा बूट लांबीला बरोबर बसला तरी करंगळीला आणि अंगठ्याच्या सांध्याला दाबतो. मग लोक एक नंबर मोठा घेतात, तर टाच आत उचलायला लागते. उपाय नंबर वाढवण्यात नाही, रुंद पंजाचा साचा शोधण्यात आहे.

घरी माप घ्यायचं असं. संध्याकाळी, दिवसभर उभं राहून झाल्यावर, पाय थोडे सुजलेले असताना. कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला लावा, पूर्ण वजन देऊन उभे राहा आणि सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी खूण करा. काही जणांचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, ते धरा. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. त्यात 10 ते 12 मिलिमीटर मिळवा. बुटाच्या आतली लांबी एवढी हवी. यूकेच्या मापात एका नंबराचा फरक साधारण 8.5 मिलिमीटर असतो, युरोपच्या मापात साधारण 6.7. म्हणून यूकेत अर्धा नंबर मिळत असेल तर तो सोडू नका. ऑनलाइन मागवताना नंबरावर जाऊ नका, सेंटिमीटर बघा. वेगवेगळ्या कंपन्यांचा आठ नंबर सारखा नसतो.

दुकानात आतली गादी काढा आणि तिच्यावर उभे राहा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरायला हवी आणि पायाची कड गादीच्या बाहेर सांडता कामा नये. मग नाडी बांधून जिना चढा-उतरा. उतरताना बोट पुढे टेकलं तर बूट लहान आहे किंवा नाडी सैल आहे. चढताना टाच किंचित हलली तर चालेल, घासत वर आली तर तो साचा तुमचा नाही.

पावसाळ्यात चालणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. जळवांसाठीचे घट्ट विणीचे कापडी मोजे नेहमीच्या मोज्यांवरून घालतात आणि त्यावर बूट. म्हणजे बुटाच्या आत आणखी एक थर आला. बोटांजवळ त्या कापडाच्या जाड शिवणीची गुठळी येते आणि नेमकी करंगळीवर बसते. दुकानात ते मोजे घेऊन जा आणि घालूनच बूट बघा. नुसत्या पातळ मोज्यांवर बरोबर बसलेला जोड पहिल्याच पावसाळी फेरीत आवळायला लागतो. कोरड्या दिवसांत हेच मोजे सत्तरीच्या रानात गोचिडींपासूनही पाय झाकतात. तिथे 2015 पासून गोचिडींमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण नोंदले गेले आहेत, तेव्हा डिसेंबर ते मे या काळात पॅंट मोज्यात खोचूनच चाला.

वाळवणं आणि ठेवणं

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. चांगला बूट घेऊन ओला ठेवला तर पैसे दोनदा जातात.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी, माती ओली असतानाच, साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. साबण लागलाच तर अगदी थोडा. केरीपासून हरमलपर्यंत किंवा काणकोणात किनाऱ्याने चालून आला असाल तर आतूनही दोनदा धुवा. मीठ राहिलं तर ते हवेतलं पाणी ओढत राहतं आणि बूट वाळलाय असं वाटूनही दमटच राहतो, शिवाय नाडीच्या धातूच्या कड्या गंजतात. वॉशिंग मशिन नको. मग गादी काढून वेगळी उभी करा, नाडी सैल करून जीभ पूर्ण उपसा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. तासाभराने ते ओलेगच्च होतात, बदला. आणखी दोनदा, दोन-तीन तासांनी बदला. मग बोळे काढून बूट तोंड पंख्याकडे करून आडवे ठेवा आणि रात्रभर पंखा चालू द्या. ऊन, शेगडी, हेअर ड्रायर, फ्रीजची गरम मागची बाजू, यातलं काहीही नको. आत हात घालून बोटांच्या टोकाकडे गार लागतंय का ते बघा. गार लागलं म्हणजे अजून ओल आहे.

ठेवताना खोकं नको, प्लास्टिकची पिशवी तर नकोच. वारा लागेल अशा उघड्या फळीवर ठेवा. कपाटातच ठेवणं भाग असेल तर ओलावा शोषणारा कॅल्शियम क्लोराइडचा डबा ठेवा. पावसाळ्यात दुकानांत सहज मिळतो. तळाला पाणी साठलं की बदला, आणि तो डबा बुटांच्या वर नको, खाली एका कोपऱ्यात ठेवा, सांडलं तर ते पाणी कापड आणि चामडं खराब करतं. सिलिका जेलच्या बारक्या पुड्या उघड्या कपाटात काही तासांत भरून जातात, त्यांचा उपयोग घट्ट झाकणाच्या डब्यातच. ज्यांच्याकडे आधीच पीयूचा बूट आहे त्यांनी तो पूर्ण वाळवून, शंभरेक ग्रॅम रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवावा आणि रंग बदलला की जेल बदलावं. पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी कुठलाही जोड काढून अर्धा तास घरात घाला. बुरशी कळते, भेगा कळतात, आणि फेरीच्या दिवशी धक्का बसत नाही.

बुरशी आलीच तर बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडक्याने पुसा आणि पुन्हा वाळवा.

गोंद सुटलेला बूट घरी चिकटवायचा तर

फोम शाबूत असेल तरच. फेविक्विकसारखा झटपट गोंद वापरू नका. तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि सोल पहिल्यांदा वाकला की तडकतो. वर त्याचा कडक थर खरवडून काढल्याशिवाय पुढचा गोंद बसत नाही. मोची ज्याला सोल्युशन म्हणतात तो रबर-चामड्याचा गोंद घ्या, किंवा बुटांसाठीचा पीयू गोंद.

बूट दोन दिवस वाळलेला हवा. सुटलेला भाग पूर्ण उघडा, अर्धवट चिकटलेलाही, नाहीतर काठाशी पुन्हा तिथूनच सुरुवात होते. जुना पापुद्रा खरवडा. 60 ते 80 नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजू खरखरीत करा, धूळ ब्रशने काढा, स्पिरिटने पुसा, उडू द्या. दोन्ही बाजूंना पातळ थर लावा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोट लावल्यावर चिकट वाटतं पण गोंद बोटावर येत नाही, ही खूण. दुसरा पातळ थर, पुन्हा तेवढंच थांबणं. घाई इथेच होते आणि काम इथेच बिघडतं: ओला असताना दाबला तर आतला द्रव उडायला वाट मिळत नाही आणि जोड मऊच राहतो. मग टोकाकडून टाचेकडे जोडत या, एकदा टेकलं की सरकवता येत नाही. लाटण्याने किंवा हातोडीच्या लाकडी दांड्याने जोर देऊन दाबा, आत कापडाचे बोळे भरा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून 24 तास ठेवा. पावसाळ्यात 48. खिडक्या उघड्या ठेवा, वास डोक्याला चढतो आणि वाफ पेट घेते.

शिवून घ्यायचं असेल तर आधी बघा: आउटसोलचं रबर कडेने वर आलेलं आहे का? आलेलं असेल तर मोची त्यातून मेणाच्या नायलॉन दोऱ्याने छान टाका घालतो आणि तो जोड वर्षानुवर्षं धरतो. कड नसेल आणि टाका नुसत्या ईव्हीए फोममधून जाणार असेल तर दोरा फोम कापत जातो. तिथे गोंदावरच थांबा.

वाटेवर सोल सुटला तर

सामान थोडंच लागतं: 3 मिलिमीटर जाडीची दोन मीटर नायलॉन दोरी, 30 सेंटिमीटरचे सहा झिप टाय, थोडा डक्ट टेप. दोन्ही बुटांना पुरेल एवढं.

ओल्या बुटावर टेप चिकटत नाही, म्हणून आधी बांधा. एक फेरा पंजाच्या रुंद भागावर, दुसरा टाचेच्या पुढे कमानीवर, आणि दोन्ही वरून आठच्या आकड्यात जोडा. गाठ नेहमी वर, नाडीजवळ. खाली आली तर जांभा ती शंभर-दोनशे मीटरमध्ये कापतो. दोरी दातांच्या मधल्या खोबणीत बसवा म्हणजे कमी घासते. झिप टाय वापरले तर टोकं कापून टाका, नाहीतर दुसऱ्या पायात अडकतात. त्यानंतर पुढची फेरी सोडा आणि सगळ्यात सोप्या वाटेने उतरा. सोल पूर्ण गळून पडलाच तर फेकू नका, उचलून घ्या. रानात कचरा राहत नाही, आणि कमानीपाशी बांधून तो शेवटच्या दोन किलोमीटरला तरी उपयोगी पडतो.

बूट चांगला, तरी फोड आणि काळी नखं

नखं काळी पडतात ती उतारावर, पाय पुढे सरकून. लांबी बरोबर असूनही होत असेल तर नाडी बदला. सगळ्यात वरच्या भोकातून नाडी त्याच बाजूला परत आत घालून छोटा फास करा, दुसऱ्या बाजूलाही तसाच. मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओवा, खाली ओढून टाच घट्ट बसवा आणि बांधा. टाच मागे अडकते, बोटं पुढे मोकळी राहतात. बहुतेक ट्रेल शूजमध्ये यासाठीच वर एक जास्तीचं भोक असतं. चोर्ल्याहून उतरायला लागण्याआधी थांबून हे करा, अर्ध्या उतारावर दुखायला लागल्यावर नाही.

फोड येतात ते घर्षणाने, ओल आणि उष्णता त्यात भर घालतात. गोव्यात ओल आणि उष्णता पूर्ण टाळता येत नाहीत, तेव्हा ओल कमी करा आणि घर्षणावर काम करा. सुती मोजे बंद. लोकर-मिश्रित किंवा सिंथेटिक मोजे, दिवसाला दोन जोड. दीड-दोन तासांनी बूट काढा, पाय पुसा, दहा मिनिटं उघडे ठेवा, मोजे बदला, ओले मोजे पाठपिशवीला बाहेर अडकवा. जिथे नेहमी फोड येतो तिथे घरूनच कागदी सर्जिकल टेप लावून निघा. घाम आल्यावर तो चिकटत नाही. कातडी गरम होऊन चुरचुरायला लागली की लगेच थांबा. गटातल्या लोकांना पाच मिनिटं थांबवायला संकोच वाटतो, पण नंतर लंगडत चालणाऱ्यासाठी सगळ्यांना तासभर थांबावं लागतं.

ईव्हीएचा जोड कधी बदलायचा, हे दातांवरून ठरवू नका. रबराला दात असतात आणि आतला फोम मात्र मेलेला असतो. बूट सपाट टेबलावर ठेवून मागून बघा: एका बाजूला कलला असेल, मिडसोलच्या कडेला न जाणाऱ्या सुरकुत्या पडल्या असतील, अंगठ्याने दाबल्यावर तो कडक लागत असेल किंवा वीसेक किलोमीटरच्या चालीनंतर तळवे आणि गुडघे पूर्वी दुखत नव्हते तसे दुखत असतील, तर त्याला शेतात आणि बाजारात वापरा. नवा जोड मोठ्या चालीच्या निदान महिनाभर आधी घ्या आणि त्याने पाच, मग दहा, मग पंधरा किलोमीटर चालून बघा, त्यातली एक फेरी मुद्दाम व्हाळात भिजवून.